पक्षी हातात आला, आता काय करू? : कोयोटीची केस

मोटिव्हेशनल पोस्टवर रोडरनर कार्टूनमधल्या त्या कोयोटीचं, म्हणजे रोडरनर नावाच्या पक्ष्याच्या मागे कायम पळणाऱ्या आणि कायम हरणाऱ्या प्राण्याचं, चित्र टाकून खाली "शेवटपर्यंत हार मानू नका" असं लिहिलेलं दिसलं की मला वाटतं, ज्यानं हे बनवलं त्यानं ते कार्टून एकदा तरी अख्खं बघितलंय का? कारण कोयोटी चिकाटीचा आदर्श वगैरे अजिबात नाहीये. ज्या माणसानं त्याला जन्माला घातलं त्यानं स्वतःच त्याच्याबद्दल लिहून ठेवलंय की हा कधीही थांबू शकतो, फक्त तो हट्टाला पेटलेला नसता तर. आता ज्याचा बाप असं म्हणतो त्याला आपण पोस्टरवर चढवायचं म्हणजे कमाल आहे.

म्हणून म्हटलं ही केस एकदा नीट, पहिल्यापासून मांडू. दिशा म्हणजे काय, ध्येय म्हणजे काय आणि दोन्हीत घोळ झाला की काय होतं, हे यापेक्षा सोप्या भाषेत कुठे सापडत नाही, आणि यात तर भाषाच नाहीये, कारण दोघंही बोलत नाहीत.

आधी पात्रं

आपल्याकडे १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं, तेव्हा एकाच चॅनलवर दिवसभर कार्टून आणि रात्री टीएनटीचे इंग्रजी पिक्चर लागायचे, त्या काळात जे शाळेत होते त्यांना हे दोघं माहितीच आहेत. आमच्याकडे कोणी त्याला कोयोटी म्हणायचं नाही, "तो कोल्हा आणि तो बीप-बीप" एवढंच. कोल्हा म्हणणं तसं फार चूक पण नाही, कोयोटी हा अमेरिकेतला, आपल्या कोल्ह्याच्या आणि लांडग्याच्या मधला कुठेतरी बसणारा प्राणी. आणि रोडरनर हा खराखुरा पक्षी आहे बरं का, बऱ्याच जणांना वाटतं की तो कार्टूनवाल्यांनी शोधून काढला. तो कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा लांबचा नातेवाईक, आणि भारद्वाजासारखाच उडण्यापेक्षा जमिनीवर चालण्यात जास्त रमणारा.

आता गंमत बघा. खरा रोडरनर पळतो ताशी ३० किलोमीटरच्या आसपास. खरा कोयोटी जोरात पळाला तर ६०-६५ पर्यंत जातो. म्हणजे खऱ्या वाळवंटात हा सामना दोन मिनिटांत संपला असता. आणि जिंकून मिळालं काय असतं, तर साधारण ३०० ग्रॅमचा पक्षी, त्यातली पिसं आणि हाडं काढा. खरा कोयोटी असल्या भानगडीत अडकून बसत नाही, तो ससे खातो, उंदीर खातो, टोळ खातो, मेलेलं जनावर खातो, पडलेली फळं खातो, आणि शहराच्या कडेला असेल तर लोकांनी टाकलेलं पण खातो. त्यामुळेच तर लांडगे बऱ्याच भागातून संपले आणि हे पठ्ठे पसरत पसरत पार शिकागोसारख्या शहरात जाऊन राहिले.

थोडक्यात खऱ्या कोयोटीकडे दिशा आहे, ती दिशा म्हणजे पोट. कार्टूनमधल्याकडे ती होती, मग हरवली, आणि ती कुठे हरवली हेच या केसमध्ये शोधायचंय.

केस

१९४९ साली वॉर्नर ब्रदर्समध्ये चक जोन्स हा डायरेक्टर आणि मायकेल माल्टीज हा लेखक, या दोघांनी पहिली फिल्म केली. त्यांचा हेतू खरं तर टिंगल करायचा होता, त्या काळात जिकडे तिकडे एक प्राणी दुसऱ्याच्या मागे पळतोय अशीच कार्टून्स निघायची, त्याची थट्टा करू म्हणून त्यांनी पाठलागाशिवाय काहीच नसलेली फिल्म केली. लोकांना थट्टा कळली नाही, पाठलाग मात्र प्रचंड आवडला. दुसरी फिल्म यायला १९५२ उजाडलं, पण मग गाडी सुरूच राहिली.

कोयोटीची कल्पना जोन्सला लहानपणी वाचलेल्या मार्क ट्वेनवरून सुचली. ट्वेनचं १८७२ चं एक प्रवासवर्णन आहे, त्यात कोयोटीचं वर्णन आहे की हा मूर्तिमंत दारिद्र्य, कायम भुकेला, हाडकुळा, मित्र नसलेला. म्हणजे सुरुवात भुकेपासून होते हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पहिल्याच फिल्ममध्ये हा काय काय करतो बघा. बूमरँग फेकतो. डोंगराच्या भिंतीवर बोगद्याचं चित्र काढतो, रोडरनर त्या चित्रातून आरपार निघून जातो आणि हा मागून येऊन भिंतीवर आपटतो. शाळेजवळ असते तशी "सावकाश, मुलं रस्ता ओलांडतायत" टाइपची पाटी लावतो, तर पलीकडून रोडरनरच शाळकरी मुलीचा वेश घालून येतो आणि त्याच्या हातात पाटी, की रोडरनरना वाचता येत नाही. सुपरहिरोचा ड्रेस मागवून कड्यावरून उडी मारतो आणि सरळ खाली. जेटवर चालणारे बूट घालतो. हे सगळं सात मिनिटांच्या आत.

मला यात एक गोष्ट फार जाणवते, आणि ती मोठा झाल्यावरच जाणवली. हा माणूस (माणूसच म्हणू आता) एक उपाय फेल गेला की तो लगेच टाकून देतो. जेटचे बूट तर चालले होते की! त्यातलं इंधन संपलं एवढंच. कोणीही शहाणा इंजिनिअर म्हणेल की टाकी मोठी करू, परत ट्राय मारू. हा नाही करत. पुढच्या सीनला नवीन खोका, नवीन यंत्र, नवीन नकाशा. उपाय बदलायला त्याला एक सेकंद लागत नाही आणि ध्येयाला मात्र कधी हात लावत नाही. आपण "फ्लेक्सिबल" म्हणून ज्याचं कौतुक करतो ना, ते त्याच्यात ठासून भरलंय, फक्त चुकीच्या मजल्यावर.

तीन निदानं, जी लोक करतात

पहिलं निदान म्हणजे नशीब खराब. हे सोडून देऊ.

दुसरं, अ‍ॅक्मी, म्हणजे कोयोटी जिच्याकडून सगळं सामान मागवतो ती कार्टूनमधली कंपनी, तिचा माल खराब. याच्यात थोडं तथ्य आहे, कारण जोन्सने या फिल्म्ससाठी जे नियम सांगितले त्यात एक असा आहे की कोयोटीला बाहेरची कुठलीही शक्ती इजा करणार नाही, एक तर त्याचा स्वतःचा अडाणीपणा नाहीतर अ‍ॅक्मीच्या वस्तूचं फेल जाणं, एवढंच. आणि सगळं सामान अ‍ॅक्मीचंच असलं पाहिजे असाही नियम आहे. पण मग जो माणूस तीस वर्षं त्याच दुकानातून माल मागवतोय त्याला ग्राहक म्हणायचं की भक्त? आणि रॉकेट परवडतं तर जेवण का नाही मागवत, हा विनोद तर सगळ्यांनी केलाय, पण त्याचं उत्तर कोणी देत नाही. उत्तर असं की त्याला जेवण नकोच आहे. त्याकडे येतोच.

तिसरं निदान जरा हुशार लोक करतात, की फोकस जास्त झाला. कड्याचा सीन आठवा. रोडरनर रस्ता सोडत नाही, हा पण जोन्सचा नियमच आहे, नाहीतर त्याला रोडरनर का म्हणायचं. मग रस्ता वळतो, पक्षी रस्त्याबरोबर वळतो, आणि कोयोटीची नजर पक्ष्यावर असल्यामुळे हा सरळ जातो, कड्याच्या पुढे, हवेत. तिथे तो थांबतो, पायाने चाचपडतो, खाली बघतो, आपल्याकडे बघतो आणि मगच पडतो. यावरून लोक काढतात काय, तर "खाली बघू नका"! अहो, खाली न बघून तो अजून किती वेळ हवेत राहणार होता? रस्ता मागेच वळलेला आहे. खाली बघितल्यामुळे पडला असं ज्याला वाटतं त्याने त्या आधीचे पाच सेकंद परत बघावेत. दिशा तिथे चुकली, पडणं ही नंतरची पावती.

तरी पण फोकसचं निदान अर्धंच आहे. नजर पक्ष्यावर होती हे खरं, पण का होती?

माझं निदान

१९५२ सालीच कोयोटीची अजून एक फिल्म आली, यात समोर रोडरनर नाही तर बग्ज बनी आहे, ससा. कोयोटी यात चक्क बोलतो, आणि तोही उच्चभ्रू स्टाइलमध्ये. सशाच्या बिळाबाहेर दार आणून उभं करतो आणि व्हिजिटिंग कार्ड देतो. कार्डवर काय, तर वाइली ई. कोयोटी, जीनियस. भुकेला प्राणी शिकारीला आलाय आणि आधी काय सांगतोय, तर मी किती हुशार आहे आणि तू किती ढ.

इथे मला केस उलगडली. याला ससा खायचा नाहीये, याला सशाकडून सर्टिफिकेट पाहिजे.

आता जोन्सचा अजून एक नियम याला जोडून वाचा: कोयोटीला इजेपेक्षा अपमान कायम जास्त झाला पाहिजे. बरोबर आहे ना, तो पाचशे फूट खाली पडतो, धुळीचा एक ठिपका उठतो, पुढच्या सीनला ठणठणीत. हाड एकही मोडत नाही. दुखतं ते फक्त पक्षी मागे येऊन बीप-बीप करतो आणि जीभ काढतो तेव्हा. रोडरनर त्याला दुसरं काहीच करत नाही, नियमच तसा आहे, बीप-बीप सोडून त्याने कोयोटीला काही इजा करायची नाही. म्हणजे रोज सकाळी उठून हा जे भरून काढायला निघतो ते पोट नाहीये, कालचा अपमान आहे. भूक होती, ती कधी तरी मागच्या मागे गळून पडली आणि तिच्या जागी इभ्रत येऊन बसली, पण पळण्याची दिशा तीच असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या स्वतःच्या पण नाही.

सुरुवातीला सांगितलेला तो "हट्टाला पेटलेला नसता तर थांबला असता" हा पण जोन्सचा नियमच, आणि जोन्स त्याच्या शेजारी सांतायना या तत्त्वज्ञाचं एक वाक्य द्यायचा, १९०५ मधलं, ज्याचा सार असा की ध्येय काय होतं हे विसरल्यावर जो प्रयत्न दुप्पट करतो तो खरा माथेफिरू. यातला "विसरल्यावर" फार महत्त्वाचा आहे. कोयोटी पक्षी विसरलेला नाही, तो जेवण विसरलाय.

पुरावा पाहिजे? १९५५ ची एक फिल्म आहे, सुरुवातीलाच कोयोटी विस्तवावर पत्र्याचा डबा शिजवतोय आणि काट्या-चमच्याने तो खातोय. १९५६ च्या एकात तो चिखलाची कोंबडी बनवून भाजतो. त्या फिल्म्समध्ये सुरुवातीला दोघांची खोटी लॅटिन नावं झळकतात, त्यात एकदा याचं नाव जे दिलंय त्याचा अर्थ होतो काहीही खाणारा. इतकी भूक आणि इतकी तडजोड करायची तयारी असलेला प्राणी सशाच्या बिळात कार्ड घेऊन जातो, उंदराकडे बघतही नाही, आणि सगळी पुंजी रॉकेटमध्ये घालतो.

आणि ती डब्याची फिल्म संपते कशी माहितीय? कोयोटी शेवटी चिडून एक पाटी लावतो: पाहिजे, एक भोळसट कोयोटी, थिएटरच्या मॅनेजरला भेटा. आणि पडदा ओढून निघून जातो. राजीनामा! डिसेंबर १९५५ चा. मला वाटतं अख्ख्या मालिकेत हा त्याचा सगळ्यात शहाणा क्षण, कारण पहिल्यांदा त्याला कळलंय की ही नोकरी आहे आणि तिला भोळसट माणूस लागतो. पण पुढच्या वर्षी तो परत हजर. रिकामी झालेली जागा त्यानेच भरली. का, तर राजीनामा देताना "नाही" म्हटलं पण "त्याऐवजी काय" हे ठरवलं नव्हतं. नुसतं सोडणं ही पण दिशा नसते, हे सोडणाऱ्यांना फार उशिरा कळतं.

आपल्याकडची गोष्ट

पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो तेव्हा माझा एक रूममेट होता, राज्यसेवेची तयारी करायचा. मराठवाड्यातला. पहिल्या वर्षी त्याला विचारलं होतं की बाबा, तहसीलदारच का, तर त्याने अख्खी स्टोरी सांगितली होती. त्याच्या वडिलांच्या जमिनीचा फेरफार अडकलेला, आजोबा गेल्यानंतर नाव लागेना, वडील एसटीने तालुक्याला जायचे, तहसीलच्या बाहेर बाकड्यावर बसायचे, साहेब नाहीत म्हणून परत यायचे, आणि हा लहान असताना सोबत जायचा. त्याचं म्हणणं, त्या खुर्चीत मी बसलो तर निदान माझ्या टेबलावर असं कोणी बसून राहणार नाही. मला आठवतं, तेव्हा तो महसूल कायद्याची पुस्तकं सिलॅबसच्या बाहेरची पण वाचायचा, मेसमध्ये जेवताना पोटहिश्श्याचे नियम समजावून सांगायचा, आम्ही कंटाळायचो.

मग प्रिलिम गेली, मग प्रिलिम निघाली तर मेन्स गेली, एकदा इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन लिस्टमध्ये नाव नाही. प्रत्येक वेळी काय बदललं? क्लास बदलला. टेस्ट सिरीज बदलली. अभ्यासिका बदलली, शास्त्री रोडवरच्या एकीतून दुसरीत. टॉपरची बुकलिस्ट आली, ती आणली. मोबाइल सोडला, परत घेतला. मग राज्यसेवेसोबत कम्बाइन, मग सरळसेवा, निघेल त्या जाहिरातीचा फॉर्म.

काही वर्षांनी भेटलो तेव्हा सहज विचारलं, तुमच्या जमिनीचं काय झालं रे. तर म्हणाला ते झालं कधीच, आता बरंच ऑनलाइन झालंय. मी म्हटलं अरे मग तू कशासाठी करतोयस आता, आणि तो जरा भडकलाच, म्हणाला, "गावात काय तोंड दाखवू? सगळे विचारतात, झाला का साहेब."

बस. मला कोयोटीचं कार्ड आठवलं. बाकड्यावर बसलेले वडील ही भूक होती, आणि ती खरी होती, आणि तिची दिशा पण नीट होती. त्या जागी "गावात तोंड" कधी आलं हे त्याला सांगता येईना. अभ्यास तेवढाच, किंवा जास्तच, दिवसाला दहा-बारा तास. पण महसुलाचं सिलॅबसबाहेरचं वाचणं बंद होऊन जमाना झाला होता, तो विषय आता फक्त कटऑफसाठी होता.

आता कोणी म्हणेल म्हणजे तू त्याला सोड म्हणालास का? नाही. आणि ही केस वाचून कोणी सोडा किंवा धरा असलं काही काढू नका, माझा तो मुद्दाच नाहीये. यूपीएससीला निदान खुल्या गटाला ६ अटेम्प्टची मर्यादा आहे, म्हणजे कधी तरी बाहेरून शिट्टी वाजते. कोयोटीला शिट्टी नाही, आणि आपल्या बहुतेक गोष्टींना, धंदा असो, नातं असो, परदेशी जायचं वेड असो, शिट्टी नसते. मी त्याला एवढंच म्हटलं की तुला तो बाकड्याचा प्रश्न अजून छळतो का ते बघ. छळत असेल तर परीक्षा हा एक रस्ता आहे, अजून पण आहेत, आणि परीक्षेत पण वेगळा जोर येईल. छळत नसेल तर मग तू कोणाच्या भुकेसाठी पळतोयस ते एकदा कागदावर लिही. त्याने विषय बदलला, आम्ही चहा घेतला. अजून तयारी करतो तो, आणि मी परत विचारलेलं नाही.

तोच चेहरा, दुसरी केस

तुलना केल्याशिवाय केस पूर्ण होत नाही, आणि सुदैवाने जोन्सने स्वतःच तुलना करून ठेवलीय. १९५३ पासून त्याने दुसरी एक छोटी मालिका केली, त्यात राल्फ नावाचा लांडगा आहे, दिसायला अगदी कोयोटी, फक्त नाक लाल. समोर सॅम नावाचा जाडजूड मेंढपाळ कुत्रा, डोळ्यांवर केस आलेला. राल्फ दिवसभर मेंढ्या पळवायला बघतो आणि सॅम त्याला दिवसभर कुटतो. अपयशाचा रेट कोयोटीइतकाच, म्हणजे शंभर टक्के.

पण सकाळी दोघं डबा घेऊन येतात, घड्याळात कार्ड पंच करतात, मॉर्निंग सॅम, मॉर्निंग राल्फ. एका फिल्ममध्ये सॅमने राल्फची मान पकडलेली आहे, आता ठोसा बसणार, तेवढ्यात जेवणाची शिट्टी होते, दोघं सोडून देतात, डबा खातात, आणि परत येऊन तीच मान त्याच हातात. संध्याकाळी पंच करून घरी. एकदा तर सॅम त्याला म्हणतो की तू फार राबतोयस, उद्या सुट्टी घे, दोघांचं काम मी बघतो.

मला लहानपणी हे बोअर व्हायचं, कोयोटी जास्त भारी वाटायचा. आता राल्फ जास्त पटतो. त्याला मेंढी मिळत नाही पण त्याला माहितीय की मेंढी म्हणजे तो नाही. फेल गेलेला दिवस तो गेटवर ठेवून जातो. कोयोटीला गेटच नाही, घर पण कधी धड दाखवलेलं नाही, आहे ती एक गुहा आणि तिच्यात नकाशे. एकच हुशारी, एकच धडपड, एकच चेहरा, आणि एकाचा शत्रू त्याला सुट्टी घे म्हणतो. काही लोक म्हणतील की राल्फला पॅशन नाही. नसेल. पॅशन म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल माझं मत फार चांगलं नाहीये, तो वेगळा विषय.

पकडला तेव्हा

आता शेवटची घटना, जी बऱ्याच जणांनी बघितलेली नाही. कोयोटीने रोडरनरला पकडलंय. खरंच. १९८० साली, एका टीव्ही स्पेशलमधल्या छोट्या फिल्ममध्ये, जोन्सचीच. पहिल्या पाठलागाला ३१ वर्षं झाल्यानंतर.

होतं असं, पळता पळता दोघं पाइपमध्ये शिरतात, पाइप अरुंद अरुंद होत जातात, आणि बाहेर येतात तेव्हा दोघं बारके झालेले असतात. मग उलटे पळतात, तर रोडरनर परत मूळ साइजचा होतो आणि कोयोटी मात्र बारकाच राहतो. त्याला याचा पत्ता नाही. तो पळत येतो आणि पकडतो, पाय. पायाला मिठी मारतो, सुरी-काटा काढतो, आणि मग हळूच वर बघतो. वर झाडाएवढा पक्षी. बीप-बीप करतो तो, पण आवाज जहाजाच्या भोंग्याएवढा.

मग कोयोटी आपल्याकडे वळून दोन पाट्या दाखवतो. दुसरी पाटी सगळ्यांना लक्षात राहते: आता मी काय करू? लोक यावरच लेख लिहितात, की बघा ध्येय मिळालं की पोकळी येते वगैरे. ते ठीक आहे. मला पहिली पाटी जास्त महत्त्वाची वाटते. त्यावर साधारण असं लिहिलंय: बरं शहाण्यांनो, मी त्याला पकडावं असं तुम्हालाच कायम वाटत होतं ना.

तुम्हाला. मला नाही. ३१ वर्षांनी, पक्षी हातात असताना, हा प्राणी म्हणतोय की ही इच्छा तुमची होती. भूक पोटातून निघाली, तिथून इभ्रतीवर गेली, आणि इभ्रतीवरून बघणाऱ्यांकडे. रूममेटचं "सगळे विचारतात, झाला का साहेब" आणि ही पाटी, मला दोन्ही एकाच हस्ताक्षरात दिसतात. आणि पक्षी मोठा झालेला नाही हे पण बघा, तो होता तेवढाच आहे, बारीक झालाय तो पळणारा. पाइपमधून जाताना कुठे तरी. अशा वेळी ध्येय गाठलं तरी खायचं कसं, घास तोंडात मावतच नाही.

हे सगळं जोन्सने ठरवून केलं असेल का, तर मला नाही वाटत, त्याला विनोद करायचा होता आणि तो झाला. पण नियम इतके कडक होते की शेवट दुसरा होऊच शकत नव्हता. माल्टीजने म्हणे नंतर सांगितलं होतं की असले काही नियम मी कधी ऐकलेच नाहीत, म्हणजे लिहिताना ते कोणी भिंतीवर लावलेले नव्हते, पात्राच्या स्वभावातून आपोआप आले. हे मला नियमांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

एक राहिलंच. तुम्ही म्हणाल की पाटी दाखवून झाली, त्याला कळलं, मग पुढे सुधारला का? १९९४ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षाच्या आसपास, जोन्सने परत एक रोडरनरची फिल्म केली, थिएटरमध्ये लागली ती. कोयोटी परत मूळ साइजचा, परत वाळवंटात, परत अ‍ॅक्मीचं नवीन सामान. १९८० च्या पाटीचा उल्लेख कुठेच नाही, आणि थिएटरमधले लोक पहिल्या बीप-बीपलाच हसायला लागले असणार, मी पण हसलो असतो.